भाचीचं लग्न आणि काळा समुद्र

रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घुसवल्याची बातमी आली तेव्हा मी आटगावला माझ्या घरी पोहे खात होतो. संध्याकाळपर्यंत मी त्या विषयातला जाणकार झालो होतो. मधल्या वेळात टीव्ही सोडून मी कुणाशी बोललोही नव्हतो.

मला जाणकार व्हायला फार वेळ लागत नाही, असं माझी बायको म्हणते. मी इथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, तिथूनच निवृत्त झालो. स्टोअरकीपर माणसाला एक खोड लागते. माल संपायच्या आधीच त्याला तो संपलेला दिसायला लागतो. कारखान्यात या खोडीचा पगार मिळायचा, घरी ती बायकोला फुकटात सोसावी लागते. त्यात लॉकडाउनच्या आधी मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं की गॅस भरून ठेवा, पीठ दळून ठेवा. लोक हसले, आणि चार दिवसांनी सगळं बंद झालं. तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात माझ्या शब्दाला वजन आलं. ते वजन उतरलं कसं, ते आता सांगतो.

माझी थोरली बहीण किन्हवलीला असते. मेहुणे गेल्यावर तिनं भातशेती आणि पोरगी, दोन्ही एकटीनं सांभाळलं. पोरगी, म्हणजे माझी भाची, शहापूरला एका लॅबमध्ये नोकरीला आहे. लोकांचं रक्त काढते, तपासते. तिचं लग्न धसईजवळच्या गावात ठरलं होतं. मुलगा मुरबाडला कंपनीत, वडील शेतकरी. साखरपुडा झाला होता, मे महिन्याच्या अखेरची तारीख धरली होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी लक्ष घातलं.

एसटीचा संप होता, म्हणून मी स्कूटर काढून किन्हवलीला गेलो. बहिणीकडे जायच्या आधी बाजारातल्या किराणा दुकानात थांबलो. परिस्थिती पाहायला. दुकानदार सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी एका बाईच्या हातात देत होता आणि ती बाई पिशवीकडे असं बघत होती, जणू पिशवीनं तिला शिवी दिली.

"परवा तं कमी व्हतं," ती म्हणाली.

"परवा युद्ध नव्हतं," दुकानदार म्हणाला.

"युद्ध कुठं? तिकडं. कढई कुठं? माझ्या घरात."

बाजूला एक जीपवाला गुटखा चघळत उभा होता. तो म्हणाला, "रशिया आपला दोस्त हाय, पयल्यापासून. आपल्याला काय भ्या नाय."

"दोस्त हाय तं तेल म्हाग का?" बाईनं विचारलं.  जीपवाला थुंकायला बाहेर गेला.

गोणीवर बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "बांध कोरतोय तो. आदी एक कोपरा कोरला, कोन बोललं नाय. आता आख्खं शेतच मागतोय. आमच्याकडं पन हाय एक तसा." आणि त्यानं त्या दुसऱ्या बांधकोऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि चालू असलेली केस, सगळं सांगितलं. दुकानातल्या लोकांना हे युद्ध लगेच समजलं.

मला मात्र राहवलं नाही. "हे एवढं सोपं नाही," मी म्हणालो, आणि नाटो या विषयावर बोलायला सुरुवात केली. माझं बोलणं संपलं तेव्हा दुकानात मी आणि दुकानदार दोघेच होतो, आणि तो साखर जोखत होता. मी सूर्यफुलाचे डबे घेतले. स्कूटरवर मावतील तेवढे घेतले, आणि एक पायात धरला.

बहिणीनं ते डबे बघितले आणि तिचा चेहरा उतरला. "काय झालं रे?"

"ताई, मेपर्यंत तेल बाजारात दिसणार नाही. डिझेलचं तर विचारूच नको. वऱ्हाड कशानं नेणार? जेवण कशात तळणार?"

"मंग?"

"लग्न अलीकडे घे. एप्रिलमध्ये उरकून टाक."

इथं तिनं मला हाकलायला हवं होतं. पण तिला तो लॉकडाउनचा गॅस आठवला. ती म्हणाली, "तू सांगतोस म्हंजे असंल." तिनं भटजींना विचारलं, त्यांनी पंचांगात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला एक मुहूर्त काढून दिला. मला वाटलं, मी एका कुटुंबाला वाचवलं. घरी जाताना मी स्कूटरवर चक्क गाणं गुणगुणत होतो.

भाची कामावरून आली आणि तिला हे कळलं तेव्हा तिनं मला फोन केला.

"मामा, युद्ध त्यांचं आन् घाई मला?"

"बाळा, हे तुझ्या भल्यासाठी आहे. जगात काय चाललंय तुला कल्पना नाही."

"मला येवढीच कल्पना हाय की मी मेपर्यंत बारीक व्हनार व्हते. ब्लाउजचं माप त्या हिशोबानं दिलंय."

मी तिला तेलाचे साठे, जहाजं, बंदरं यांबद्दल सांगू लागलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी न्यूज बघायचं बंद करा, मामा," आणि फोन ठेवला.

बहिणीनं धसईला व्याह्यांना फोन करून नवी तारीख सांगितली. ते "बघतो" म्हणाले. त्यानंतर काही दिवस तिकडून आवाजच नाही. मग सरळगावच्या आमच्या एका नातेवाईक बाईचा फोन आला, आणि माझ्या पराक्रमाचं फळ समोर आलं. धसईकडं चर्चा सुरू होती की मुलीकडच्यांना एवढी घाई कशाची? मुलगी नोकरीची, रोज शहापूरला जाणारी. काहीतरी झाकायचं असणार. अंगावर काही दुखणं असेल. नाहीतर कुणी दुसरा असेल. ठरलेलं लग्न कुणी उगाच महिनाभर अलीकडे ओढतं का?

मी किन्हवलीला पोचलो तेव्हा बहीण चुलीपुढं बसून रडत होती. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "तुझ्या त्या युक्रेननं माझ्या पोरीचं नाव घालवलं रे."

या वाक्यावर उत्तर देण्याइतकी माझी तयारी कुठल्याच चॅनलनं करून घेतली नव्हती. मी म्हणालो, "मी जातो. मी समजावतो त्यांना." बायको नंतर म्हणाली की त्याच क्षणी मला धरून ठेवायला हवं होतं. पण ती तिथं नव्हती.

व्याह्यांचं घर गावाच्या टोकाला आहे, पुढं अंगण, सारवलेली ओटी. ओटीवर व्याही बसले होते आणि त्यांचा धाकटा भाऊ. दारात त्यांची आई, म्हातारी, भिंतीला टेकून सुपात वाल सोलत होती. होणारा जावई दिवसपाळीला गेला होता. मला पाणी दिलं, चहा दिला.  चहा संपेपर्यंत मीच ऊन फार आहे म्हणालो, आणि ते "हाय" म्हणाले.

मग मी सुरुवात केली. रिकामी बशी मध्ये ठेवली. "हा रशिया." कप तिच्या शेजारी. "हा युक्रेन." आणि पाण्याचा तांब्या खाली ओढला. "हा काळा समुद्र. सूर्यफुलाचं तेल इथून जहाजानं निघतं. आता हा रस्ता बंद."

व्याह्यांचा भाऊ तांब्याकडे बघत होता. "मंग?"

"मग तेल येणार नाही. म्हणून लग्न अलीकडे."

"आमी सूर्यफूल खात नाय," तो म्हणाला. "आमच्यात पामतेल."

"एक वाढलं की दुसरंही वाढतं. लोक त्याच्याकडे वळतात ना."

"मंग आदी पाम सांगायचं. सूर्यफूल कशाला सांगितलं?"

 मी डिझेलकडे वळलो. डिझेलवरून गव्हाकडे गेलो, गव्हावरून खताकडे. बशी, कप आणि तांब्या यांच्या जागा मी इतक्यांदा बदलल्या की शेवटी काळा समुद्र रशियाच्या डोक्यावर गेला. मी जितकं जास्त बोलत होतो, तितकं त्या दोघा भावांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की हा मामा घरून पाठ करून आला आहे. एवढं लांबचं कारण खरं असतंच कसं?

शेवटी व्याह्यांनी कप उचलून बाजूला ठेवला. फार सौम्य माणूस आहे तो. म्हणाले, "मामा, आमी शेतीतली मानसं. पन लगीन अलीकडं कशासाठी वढतात ते आमाला म्हाईत हाय. घरात कोन म्हातारं शेवटच्या दुखन्यात असंल तं वढतात. तसं कोन हाय का तुमच्याकडं?"

आता मागं वळून बघतो तेव्हा कळतं, त्या भल्या माणसानं मला बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं. एखादी आजारी आत्या सांगितली असती तर सगळं मिटलं असतं. पण मी ताठ बसून म्हणालो, "छे छे, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत!"

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मी ते दार आतून लावून घेतलं होतं.

तेवढ्यात म्हातारीनं वालाचं सूप बाजूला सारलं. "त्या मानसांचं काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठल्या माणसांचं, आजी?"

"ज्यांच्या गावात ते शिरले, त्यांचं."

 इतका वेळ मी तेल, गहू, डिझेल आणि खत यांची खडान्खडा माहिती दिली होती. माणूस त्यात एकही आला नव्हता. म्हणालो, "बाया-पोरं निघून गेली, आजी. शेजारच्या देशात. गाड्या भरभरून."

"घरं सोडून?"

"हो."

"जनावरं?"

"ते नाही माहीत."

तिनं हातातला वाल खाली ठेवला. मग म्हणाली, "माझं म्हायेर धरनात गेलं. आमाला सांगून पानी भरलं, तरी माझा बाप दारं काढून न्यायला परत परत जायचा. घर पान्यात उभं, आन् हा दार खांद्यावर घेऊन येतोय. यांना तं कोनी सांगितलं पन नसंल." तिनं पुन्हा सूप पुढं ओढलं आणि लेकाला म्हणाली, "हा खोटं नाय बोलत रे. याला बोलायची हौस हाय, तेवढंच."

माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. पण धाकट्या भावाचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, "युद्ध खरं असंल गो आये. पोरीचं काय ते सांगा म्हनावं."

आणि माझा फोन वाजला. भाची होती. बहिणीनं तिला सगळं सांगितलं होतं.

"मामा, तुमी तिथंच हाव ना? फोन स्पीकरवर टाका. बाबांशी बोलायचंय."

लग्नाआधी मुलीनं सासऱ्याशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी "अगं..." म्हणेपर्यंत व्याह्यांनीच हात पुढं केला. फोन ओटीवर, कपाच्या शेजारी ठेवला.

"बाबा, मी बोलते," तिचा आवाज आला. मागं लॅबमधली कसलीतरी मशीन घरघरत होती. "आमच्याकडं कायबी भानगड नाय. मला घाई पन नाय. मेचीच तारीख ठेवा, मला तं तीच पायजेल व्हती. घाई मामाला हाय. आमचा मामा टीव्ही बघून येडा झालाय, बाकी काय नाय. तुमाला माझ्याबद्दल शंका असंल तं सांगा, मीच माझं रक्त काढून देते, पायजेल तिथं तपासा. पन मंग तुमच्या पोराचं पन मीच काढनार."

 मी तांब्याकडे बघत बसलो. मग म्हातारी हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसत होती. ती हसल्यावर व्याही हसले. धाकट्यानं खूप प्रयत्न केला, पण त्यालाही आवरलं नाही.

व्याह्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे विचारलं, "मामा, पोरगी बोलते ते खरं हाय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फोनही चालूच होता. माझी अब्रू वाचवायची तर तिची जात होती.

"खरं आहे," मी म्हणालो.

"म्हंजे तुमी येडे?"

"थोडासा."

"थोडं नाय, बरंच," फोनमधून आवाज आला.

व्याही म्हणाले, "बास. मिटलं." मग जरा विचार करून म्हणाले, "पन आता एप्रिलातच करू. अशी खमकी सून येनार आसंल तं मेपर्यंत कशाला थांबायचं? आन् मला पन लावनीआदी शेताचे बांध घालून घ्यायचेत, तेवढंच मोकळं." अशा रीतीनं माझी तारीख टिकली. फक्त माझ्या कारणानं टिकली नाही.

जाताना म्हातारीनं मला सोललेले वाल बांधून दिले. कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झालं, आणि बरोबर त्याच आठवड्यात इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं बंद करायचं ठरवलं. मी इतके दिवस युक्रेनच्या आघाडीवर डोळे लावून बसलो होतो, आणि हे लोक मागच्या दारानं आले. हळदीला तांदळाच्या भाकऱ्या होत्या, गावातल्या बायांनी मिळून थापल्या, त्यामुळे तिथं जगाचं काही चाललं नाही. लग्नाच्या जेवणाला मात्र पुऱ्या होत्या. आचाऱ्यानं माझे सूर्यफुलाचे डबे पाहिले आणि म्हणाला की एवढ्यात एक पंगत निघेल. बाकीचं तेल त्या दिवसाच्या भावानं आणावं लागलं. वऱ्हाडाच्या गाड्यांनी डिझेलचे वेगळे पैसे मागितले. बहिणीनं एकही शब्द न बोलता सगळं केलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

धसईच्या ओटीवरची हकिगत माझ्याआधी मांडवात पोचली होती. पंगतीत पुऱ्या संपल्या की कुणीतरी हाक मारायचं, "मामा, काळ्या समुद्रातनं बोट आली का?" मी वाढप्यांच्या मागं पातेलं घेऊन धावत होतो. मामा म्हणून भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणायचा मान माझा. आणताना माझे डोळे भरून आले. तिनं मुंडावळ्यांमधून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "रडू नका, मामा. पानी पन म्हागलं व्हईल." ब्लाउज तिला घट्ट झाला होता हे मला बायकोनं सांगितलं. भाचीनं तो विषय कधी काढला नाही.

मेच्या शेवटी, म्हणजे जेव्हा लग्न व्हायचं होतं तेव्हा, पेट्रोल-डिझेल उतरलं. पुढं तेलही उतरायला लागलं. मी बातम्या लावल्या की बायको भाव मोठ्यानं वाचून दाखवायची, एखादी आरती म्हणावी तशी. बहीण फक्त एकदाच बोलली. म्हणाली, "तू कारखान्यात असं कायतरी सांगायचास तेव्हा तुझे साहेब काय करायचे रे?" मी म्हणालो, ऐकून घ्यायचे आणि मग त्यांना हवं ते करायचे. ती म्हणाली, "हुशार मानसं."

जूनमध्ये व्याह्यांचा फोन आला. धसईला खताची गाडी आली आहे म्हणतात, रांग मोठी आहे, मुलगा कामावर, सोबत येता का? मी गेलो. मला बोलावलं याचंच अप्रूप होतं.

दुकानापुढं रांग रस्त्यापर्यंत आली होती. युरिया होता, पण भाताला घालतात ते मिश्र खत कमी आलं होतं, आणि होतं त्याचा भाव ऐकून लोक एकमेकांना पुन्हा विचारत होते. एक जण म्हणाला, खताचा माल तिकडूनच येतो, युद्ध संपल्याशिवाय काही खरं नाही. दुसरा म्हणाला, रशिया आपल्याला स्वस्तात तेल देतोय म्हणतात, मग पंपावर ते कुणाला दिसलं? तिसऱ्याचं म्हणणं, लढणारे लढतात आणि विकणारे विकतात, आपण दोन्हीकडं नाही. त्याच्या मागची बाई म्हणाली, "आपन रांगेत हाव ना."

मी गप्प होतो. सोपं नव्हतं ते. फॉस्फेट कुठून येतं, पोटॅश कुठून, जहाजं कुठं अडकली, सगळं माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं. मी पायाखालचा खडा इकडून तिकडं करत राहिलो.

तेवढ्यात पुढचा एक तरुण शेतकरी माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमी वाचनारे दिसता. तुमाला काय वाटतं, कधी संपंल हे? खत आता घेऊ का थांबू?"

मी तोंड उघडलं. व्याह्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"त्यांना इचारू नको, बाबा," ते त्या पोराला म्हणाले. "मागच्या वेळी त्यांचं आयकलं तं मेची सून एप्रिलातच घरात आली."

रांगेतले चार-सहा जण हसले. तो पोरगा काही न कळून माझ्याकडे बघत राहिला. मग दुकानदारानं आतून ओरडून सांगितलं की मिश्र खत घरटी एकच गोणी, आणि सगळे बोलायचं सोडून पुढं सरकले. आम्हाला एक मिळाली. ती स्कूटरवर पायात घेऊन मी व्याह्यांना घरी सोडलं. भाची अंगणातच होती. तिनं गोणी बघितली, मला बघितलं, आणि विचारलं, "आता कुठं युद्ध लागलंय, मामा?"